धरलंय, धरलंय

मंगळवार, ४ फेब्रुवारी

प्रिय बुटके,

पाकिटावरचा शिक्का तू पाहिला असशीलच, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही. आम्ही तुझ्या गावात आहोत. काल दुपारी आलो, पुढच्या बुधवारी दुपारी परत जाणार. सुट्टीवर आलोय. येतात ना लोक इथे सुट्टीला? समुद्र आहे, टेकड्या आहेत, हवा चांगली आहे. आम्हीही आलो. योगायोगाने तू इथे राहतेस, इतकंच.

हे वाचून तू डावी भुवई उचलली असशील. उचल. मी काही समोर नाही.

नऊ वर्षांत मी तुला सात पत्रं लिहिली, तू एकाचंही उत्तर दिलं नाहीस. ही तक्रार नाही. आपल्या शाळेतल्या मदर शिकवायच्या ते आठवतं ना, पत्राची सुरुवात 'मी'ने करू नये आणि शेवट तक्रारीने करू नये. सुरुवात तर 'मी'ने केलेली नाही. शेवटाचं बघू.

बंदराच्या वर दोन खोल्या घेतल्यात. घरमालकीण पोस्टातून निवृत्त झालेली आहे. तिने स्वतःहून सांगितलं, की या गावातलं पत्र या गावात दुसऱ्या दिवशी दुपारी पोचतं, तिच्या वेळेपासून यात बदल नाही. म्हणजे हे तुला उद्या मिळेल. खिडकीतून बोटी दिसतात आणि मान उंच केली की वरची वस्ती, एकावर एक ठेवलेल्या खोक्यांसारखी. त्यातलं तुझं घर कुठलं, ते मला माहीत नाही.

(माहीत आहे. मावशीच्या मुलीने पत्त्यासोबत खुणाही सांगितल्या होत्या. सगळ्यात वरची गल्ली, जी पुढे कुठेच जात नाही. हिरवं फाटक.)

आज एक गंमत केली. सायकली भाड्याने घेतल्या. ह्यांना हौस आली. बंदराच्या कोपऱ्यावर एका बाईचं सायकलींचं दुकान आहे. चाळिशीची असेल, हातांना कोपरापर्यंत वंगण. तिने आम्हा दोघांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"काका बसणार?"

"हो."

"आणि तुम्ही?"

"मीपण."

"शेवटची सायकल कधी चालवली होतीत, काकू?"

"तुमचा जन्म व्हायच्या आधी."

ती हसली. म्हणाली, "मग सांगून ठेवते. हिला मोटर आहे. तुम्ही पायडलवर पाय ठेवलात, की ही तुमच्याआधी निघते. हे चार दिवे बघा. चारही लागले म्हणजे बॅटरी भरलेली. एकच राहिला की मुकाट्याने माघारी फिरायचं. चढ बघून मोह होतो लोकांना, आणि मग आम्हाला टेम्पो पाठवावा लागतो."

चार्जर तिच्याकडे एकच शिल्लक होता, दोघांत मिळून. "आळीपाळीने लावा," म्हणाली.

मजेत आहोत. तुझी तब्येत सांभाळ.

तुझी,
ताई


बुधवार, ५ फेब्रुवारी

प्रिय बुटके,

काल लिहिलं ना, की ह्यांना हौस आली म्हणून. हौस नव्हे. तुझ्या भाऊजींना पार्किन्सन झालाय. चार वर्षं झाली.

उजवा हात थरथरतो, त्याचं आता कुणालाच काही वाटत नाही. खरी पंचाईत पायांची आहे. उभे राहतात, निघायचं असतं आणि पाय निघत नाहीत. जमिनीला खिळल्यासारखे. दारात, वळणावर, कधी भर रस्त्याच्या मधोमध. तेव्हा ओढून, ढकलून, ओरडून काही होत नाही. मी एवढंच करते, की माझं पाऊल त्यांच्या पावलापुढे आडवं ठेवते. ते आडवं पाऊल दिसलं की त्यांचा पाय आपसूक उचलतो आणि ते मला ओलांडून पुढे जातात. सपाट जमिनीवर चालता येत नाही, पण अडथळा ओलांडता येतो. का, ते डॉक्टरांनाही नीटसं सांगता येत नाही.

आणि असा माणूस सायकल चालवू शकतो, यावर तुझा विश्वास बसेल? व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी एकदा अंगणात शेजाऱ्यांच्या सायकलवर बसवून पाहिलं. मी म्हटलं, आता हे पडणार, आणि डोळे मिटले. उघडले तर हे फाटकाबाहेर! जसे लग्नाआधी तुला डबलसीट घेऊन लायब्ररीत जायचे तसे, पाठ ताठ. बाई म्हणाल्या, असं होतं काहींचं. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. आनंदाने की कशाने, कुणास ठाऊक.

फक्त दोन गोष्टी त्यांना जमत नाहीत, बसणं आणि उतरणं. बसवताना मागून कॅरियर धरावं लागतं आणि उतरताना कुणीतरी समोर उभं राहून अख्खी सायकल झेलावी लागते. झेलायला कुणी नसेल तर थांबताच येत नाही. थांबले की आडवे. त्यामुळे माझी रोज शर्यत असते. त्यांना बसवून सोडायचं, पळत माझ्या सायकलपाशी यायचं, त्यांना गाठायचं, मागे टाकायचं, पुढे जाऊन उतरायचं आणि दोन्ही हात पसरून उभं राहायचं. काल बंदराच्या सपाट रस्त्यावर पाच वेळा केलं हे. बाकावर बसलेल्या एका आजोबांनी शेवटी टाळ्या वाजवल्या.

पहिल्यांदा कॅरियर धरलं तेव्हा हे म्हणाले, "सोड."

मी सोडलं नाही. मागून पळत राहिले, पंचवीसएक पावलं.

"अगं सोड! मागे ओढतेयस तू मला!"

मग सोडलं.

तुला आपला तो शाळेमागचा रस्ता आठवतो? दोन्ही बाजूंना सुरूची झाडं आणि टोकाला दगडी भिंत. तू आठ वर्षांची, मी चौदाची. बाबांची सायकल, तुझे पाय जेमतेम पायडलला टेकायचे. तू सारखी ओरडत होतीस, "सोडू नकोस हं ताई, सोडू नकोस!" आणि मी मागून, "धरलंय, धरलंय!" सगळ्याच मोठ्या बहिणी करतात तेच मी केलं. केव्हाच सोडलं होतं आणि जागेवर उभी राहून ओरडत होते, धरलंय, धरलंय. तू भिंतीपर्यंत सरळ गेलीस. मग मागे वळून पाहिलंस. मी इतकी लांब होते, की तुला माझं तोंडही दिसलं नसेल. आणि तू पडलीस.

गुडघा चांगलाच फुटला होता. मी धावत आले तर तू रडत नव्हतीस. माझ्याकडे बघून म्हणालीस, "सोडलंस ते ठीक आहे. धरलंय का म्हणालीस?"

आठ वर्षांची पोर! मी ते आईला सांगून हसले होते.

आज एवढंच. 'सोडलं' हा शब्द लिहिल्यावर पुढचं सुचत नाही.

ताई


शुक्रवार, ७ फेब्रुवारी

प्रिय बुटके,

दोन पत्रं तुला मिळाली असतील. घरमालकिणीला विचारलं, तर तिला अपमान झाल्यासारखं वाटलं. "मिळणारच. न मिळायला काय झालं?"

एक कबूल करायचंय. मी तुला पाहिलं. काल नाही, परवा नाही, सोमवारीच. आल्या आल्या. ह्यांना खोलीवर झोपवलं आणि 'जरा पाय मोकळे करते' म्हणून निघाले, ती थेट तुझ्या चष्म्याच्या दुकानासमोर. तेव्हापासून रोज जातेय.

समोरच्या औषधांच्या दुकानाच्या पायरीवर उभं राहिलं की तुझं दुकान आरपार दिसतं. तू पांढरा कोट घालतेस. केस कापलेस. चांगले दिसतात. काल एका म्हाताऱ्या बाईंच्या डोळ्यांवर ती जड चौकट चढवून तू एकेक भिंग बदलत होतीस. ऐकू येत नव्हतं, पण ओठांवरून कळत होतं. "आता बरं दिसतंय, की आधी दिसत होतं?" बाई गोंधळत होत्या, तू पुन्हा पहिलं भिंग घालत होतीस. अजिबात न चिडता. तुझ्यात एवढा धीर कुठून आला गं? तू तर वेणी घालेपर्यंत दहा वेळा उठायचीस.

रस्ता ओलांडायला वीस पावलं. दाराला घंटी आहे, ती वाजली असती, तू मान वर केली असतीस. माझे पाय निघाले नाहीत. आमच्या घरात हा आजार आता दोघांना आहे म्हणायचा. त्यांच्यापुढे पाऊल ठेवायला मी आहे. माझ्यापुढे कोण ठेवणार?

औषधांच्या दुकानातला माणूस आज म्हणाला, "काकू, काही हवंय का? चार दिवस झाले, तुम्ही फक्त उभ्या राहता." मी खोकल्याच्या गोळ्या घेतल्या, दिवसाला एक पाकीट या हिशेबाने. आता माझ्याकडे खोकल्याच्या गोळ्यांची चार पाकिटं आहेत आणि खोकला नाही.

तेव्हा आता ते लिहितेच, जे सात पत्रांत लिहिलं नाही.

आईला यंत्रावर ठेवून अकरावा दिवस होता. तिने नळ्या उपटू नयेत म्हणून तिचे दोन्ही हात पलंगाला कापडाने बांधले होते. त्याच हातांनी आपल्या रिबिनी बांधल्या होत्या तिने. डॉक्टर म्हणाले, आता हे फक्त यंत्र चाललंय, घरच्यांनी ठरवा. तू निघाली होतीस, दोन गाड्या बदलून येत होतीस. दुपारी एकला फोन लागला. आवाज तुटत होता. आपण भांडलो. म्हणजे मी भांडले. तीन वर्षं तू फिरकली नाहीस, आईला बघायला मी, आंघोळ घालायला मी, आणि आता ठरवायलाही मीच का, असं बरंच. तू रडत होतीस. आणि तू म्हणालीस, "सोड ना आता, ताई."

मी आत जाऊन डॉक्टरांना सांगितलं, बहीणही हो म्हणाली.

तू पाचला पोचलीस. सगळं आटोपलं होतं. तू विचारलंस, "मी येईपर्यंत थांबली का नाहीस?" मी म्हटलं, "तूच म्हणालीस ना, सोड." तू अगदी हळू विचारलंस, "मी असं म्हणाले?"

मी म्हटलं, "हो."

चौथ्या दिवशी तू गेलीस. फोनचा नंबर बदललास.

आपली भाषाच अशी आहे, बुटके. भांडण सोड, हट्ट सोड, हात सोड, सगळ्याला एकच शब्द. तुझ्या मनात एक होतं, मला दुसरं ऐकू आलं. यात दोष कुणाचा? कुणाचाच नाही. एवढंच सांगायला मी एवढ्या लांब आलेय.

ताई


रविवार, ९ फेब्रुवारी

बुटके,

काल एकटीच वर यायला निघाले होते. ह्यांना घरमालकिणीच्या हवाली केलं. ती त्यांना जुन्या टपाल तिकिटांच्या वह्या दाखवत बसली.

काय चढ आहे हा तुमचा! सुरुवातीला मोटर त्या दुकानवाल्या बाईने सांगितलं तशी वागते, मग रस्ता असा उभा राहतो, की तीही कण्हायला लागते. बाजूने बसमधली माणसं माझ्याकडे बघत वर जात होती. शेवटच्या वळणापर्यंत आले. तिथून तुझं फाटक दिसतं. एक पल्ला लावलेला, दुसरा उघडा, दोरीवर निळा टॉवेल. तू घरात होतीस. खिडकीत हालचाल दिसली.

आणि मी वळले. ब्रेक दाबून दाबून बोटं आखडली, पण खाली आले ती थेट बंदरावर.

हे म्हणाले, "भेटलीस?"

"ती घरी नव्हती."

"खोटं."

"तुम्हाला काय माहीत?"

"एकतीस वर्षं झाली लग्नाला. खोटं बोलताना तू पदर नसला तरी सावरतेस."

मग थोड्या वेळाने, जीभ जड झालीय हल्ली, एकेक शब्द जुळवत म्हणाले, "मग मी जातो. माझ्याशी तिचं भांडण नाही."

"आणि उतरवणार कोण तुम्हाला?"

"ती."

"अहो, ती दारसुद्धा उघडणार नाही!"

"मग नाही उतरणार," म्हणाले.

उद्या सकाळी, तुझं दुकान उघडायच्या आत, जायचं ठरलंय, दोघांनी. मी पुढे, हे मागे. तुला आधी कळवावं म्हणून हे लिहिलं, पण आज रविवार. उद्या संध्याकाळशिवाय पेटी उघडणार नाही. म्हणजे तुला हे आम्ही येऊन गेल्यावर मिळेल. घरमालकीण म्हणते, सूचना द्यायची तर शनिवारी द्यायची असते.

ताई


मंगळवार, ११ फेब्रुवारी, सकाळ

बुटके,

कालचं अर्धं तुला माहीत आहे. अर्धं माझ्याकडे आहे. ते आधी देते.

चार्जर एकच ना. रात्रभर मी तो त्यांच्याच सायकलला लावला. माझ्या हँडलवर सकाळी दोन दिवे होते. म्हटलं, पुरतील. शनिवारच्या चढाने किती खाल्लं होतं, त्याचा हिशेब मी केलाच नाही. दुसऱ्या वळणाला एक राहिला. माघारी फिरायचं, असं सायकलवाली म्हणाली होती. पण हे मागून येत होते आणि त्या उभ्या रस्त्यावर त्यांना वळता आलं नसतं. थांबवायचं तर त्या उतारावर मला एकटीला झेलता आले नसते. तिसऱ्या वळणाला शेवटचा दिवा गेला. सायकल अशी जड झाली, जणू कुणी मागून धरलं.

हे माझ्या बाजूने पुढे गेले. जाताना मला म्हणाले, "चल!"

मी ओरडले, "थांबा!" ओरडल्यावर लक्षात आलं, की थांबा म्हणू नये, थांबले तर पडतील. म्हणून ओरडले, "थांबू नका!" मग पुन्हा, वर रस्ता संपतो हे आठवून, "थांबा!" हे वळणाआड गेले. मी सायकल तिथेच भिंतीला टाकली आणि चढायला लागले. बासष्ट वर्षांची बाई, हातात हेल्मेट, चढावर पळतेय आणि रडतेय. पळतेय म्हणजे काय, वाकून चालतेय. प्रत्येक पावलाला मला ते पडल्याचा आवाज ऐकू येत होता. खरा येत नव्हता. ऐकू येत होती ती घंटी. वर कुठेतरी सायकलची घंटी वाजत होती, थांबत होती, पुन्हा वाजत होती.

वर आले आणि पाहिलं. गल्लीच्या टोकाला तो गोल चौक आहे ना, पाण्याच्या टाकीसमोरचा, त्यात हे फिरत होते. गोल गोल. घाण्याच्या बैलासारखे. तुझ्या फाटकासमोर आले की घंटी वाजवत, आणि पुढे. किती फेऱ्या झाल्या होत्या, तुलाच माहीत. शेजारच्या गच्चीवरून एक बाई विचारत होत्या, "अहो काका, कोणाकडे आलात?" आणि हे जाता जाता उत्तर देत होते, एका फेरीला एक शब्द. "मेहुणीकडे." पुढच्या फेरीला, "उतरता." त्याच्या पुढच्या फेरीला, "येत नाही."

माझ्यात त्राण नव्हतं. वळणाच्या खांबाला धरून उभी राहिले. हाक मारायला श्वास नव्हता. आणि तू बाहेर आलीस. हाताला साबण होता. तू एक फेरी पाहिलीस. दुसऱ्या फेरीला धावलीस आणि मागून कॅरियर धरलंस.

ते थांबले. सायकल कलली. सगळा भार तुझ्या दोन हातांवर आला आणि तू पाय रोवून उभी राहिलीस. तेव्हा तुला मी दिसले. नऊ वर्षांनी तू मला हाक मारलीस.

"ताई, धर ना! मला सोडता येत नाहीये!"

मी आले. दोघींनी मिळून त्यांना उतरवलं. पुढचं तुला माहीत आहे, पण मला ते एकदा लिहू दे. तू त्यांना म्हणालीस, "भाऊजी, फोन करायची पद्धत असते." ते म्हणाले, "नंबर बदललास." तू हसलीस की नाही, मला दिसलं नाही, तू तोंड फिरवलंस. मग त्यांना खुर्चीपर्यंत न्यायचं, तर फाटकाच्या उंबऱ्याशी त्यांचे पाय गोठले. मी काही बोलणार, त्याआधी तू वाकलीस, त्यांच्या पावलापुढे आपलं पाऊल आडवं ठेवलंस आणि म्हणालीस, "हं, या."

ते तुझं पाऊल ओलांडून आत आले.

मी तुला ते शिकवलं नव्हतं. बुधवारच्या पत्रात लिहिलं होतं. म्हणजे तू वाचतेस.

पाणी दिलंस. त्यांचा हात हातात घेऊन किती वेळ पाहत बसलीस. माझ्याशी मोजकंच बोललीस. "कधी जाणार?" "बुधवारी दुपारी." "बरं." आणि आम्ही सायकलवालीच्या टेम्पोत बसत असताना, माझ्याकडे न बघता, "तू लिहिलंस तसंच मी म्हणाले होते ना गं, त्या दिवशी? मला आठवतच नाही नीट. मी आठवून आठवून थकले."

टेम्पो सुरू झाला होता. मी मान हलवली. 'हो' म्हणून हलवली.

कालपासून ती मान मला वर करता येत नाहीये.

शाळेत शनिवारी ख्रिस्ती मुली पाप कबूल करायला चॅपलमधल्या लाकडी खोपट्यात जायच्या, बाहेर येताना कशा हलक्या दिसायच्या. आपल्याला आत जायची परवानगी नव्हती. तू मदरना विचारलं होतंस, "आमच्या चुकांचं काय करायचं मग?" मदर म्हणाल्या होत्या, ज्याचं नुकसान केलं त्यालाच जाऊन सांगायचं. मला तेव्हा वाटलं होतं, त्यांचं खोपटं बरं.

बुटके, तू नुसतं 'सोड' म्हणाली नव्हतीस. तू म्हणालीस, "ते सगळं सोड ना आता, ताई. मी येतेय."

नऊ वर्षं मी त्या बोलण्याचं पुढचं तोडलं, मागचं तोडलं आणि मधलं ठेवलं. आवाज तुटत होता, पण हे मला स्पष्ट ऐकू आलं होतं. मला गैरसमज झाला नाही. शुक्रवारी मी भाषेवर ढकललं, भाषेचा काही दोष नाही. फोन ठेवून मी इस्पितळाच्या त्या लांब व्हरांड्यात उभी होते आणि मला समजलं होतं, की तू भांडण सोड म्हणतेयस, की चार तास थांबायचंय. आणि मला थांबता येत नव्हतं. आईचे बांधलेले हात मला आणखी चार तास बघवणार नव्हते. एकटीने ठरवायचं धाडसही नव्हतं. म्हणून तुझा शब्द उचलला आणि आत गेले.

आईसाठी केलं, असंही म्हणवत नाही. माझ्यासाठी केलं. ते चार तास तुझे होते. तिचा हात गरम असताना धरायचा होता तुला. आणि तू विचारलंस, "मी असं म्हणाले?", तेव्हा 'नाही' म्हणायला एक क्षण पुरला असता. मी तुला माझं ओझं दिलं आणि तू ते नऊ वर्षं वाहिलंस. मला वाटायचं, तू माझ्यावर रागावलीयस. काल तुझ्या त्या एका वाक्यावरून कळलं, तू तर स्वतःवर रागावलीयस.

तू वाचत नसतीस, तर मी हे लिहिलं नसतं. तू ते पाऊल ठेवलंस आणि मला पळायला जागा उरली नाही. आता कुठे फाटक थोडं उघडतंय आणि मीच ते हाताने लावून घेतेय, हे मला दिसतंय. हे म्हणाले, "लिही."

घरमालकिणीने आत्ताच विचारलं, पत्र टाकून येऊ का? आज टाकलं तर उद्या दुपारी पोचेल. म्हणजे आमची गाडी सुटल्यावर. किती सोयीचं! म्हणूनच टाकत नाही. तुझं दुकान उघडायच्या आत स्वतः येऊन दाराच्या फटीतून आत सरकवणार आहे. मग समोरच्या पायरीवर उभी राहीन. खोकल्याच्या गोळ्या आहेत माझ्याकडे. तुला बाहेर येऊन मला बोलायचं असेल, ओरडायचं असेल, तर मी तिथे आहे. आतला पडदा ओढून घ्यायचा असेल तरी मी तिथे आहे.

उद्या सकाळी दहाला सायकली परत करायच्या. हे म्हणतात, बंदरावरून शेवटची एक फेरी मारून दुकानापर्यंत चालवतच नेणार. उतरवताना एका बाजूला सायकलवाली असेल, दुसऱ्या बाजूला मी. मी फक्त एवढंच सांगते, की आम्ही कुठे असू. ये असं म्हणायचा हक्क मला नाही.

त्या दिवशी सुरूच्या रस्त्यावर तू मला विचारलं होतंस आणि मी उत्तर दिलं नव्हतं. हसले होते. आता देते. मी घाबरले होते, बुटके. तू पडशील याला नव्हे. सोडलं हे तुला कळेल, याला.

सोडलं होतं. मीच.

ताई